शास्त्रीबुवा आणि दोन काड्या

शास्त्रीबुवांचं आडनाव शास्त्री नाही. ते संध्या करत नाहीत, शाकाहारी नाहीत आणि गणपतीच्या आरतीत दुसऱ्या कडव्यापासून नुसत्या टाळ्या वाजवतात. ही पदवी त्यांना तोक्योतल्या निशी-कासाईच्या मराठी मंडळींनी बहाल केली, तीही दोन काड्यांमुळे. जपानीत त्या काड्यांना हाशी म्हणतात. हाशीने कसं जेवावं हे आता पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही येतं. हाशीने कसं जेवू नये, हे मात्र शास्त्रीबुवांइतकं कोणालाच येत नाही.

निशी-कासाई हे तोझाई लाइनवरचं स्टेशन. इथे गाडीत बसलं की ओतेमाचीच्या बँका आणि कचेऱ्या गाडी न बदलता गाठता येतात. २००० साल उजाडताच संगणकांच्या तारखा कोलमडतील, या भीतीने जपानी कंपन्यांनी भारतातून प्रोग्रामर बोलावले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी इथे भाड्याची घरं घेतली. पुढे वस्ती इतकी रुजली, की २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले. शास्त्रीबुवा पुण्याहून त्याच पहिल्या लाटेत आले. २००० साल आलं, गेलं, संगणक काही कोलमडले नाहीत. शास्त्रीबुवा तेवढे राहिले.

जेवायला बसलेला माणूस आपल्या पानाकडे बघतो. फार तर शेजाऱ्याच्या पानाकडे. शास्त्रीबुवा बोटांकडे बघतात. समोरचा काय खातोय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्याने पहिला घास उचलला, की यांच्या डाव्या भुवईला एक बारीकसा झटका बसतो. तो झटका ओळखीचा झालेली मंडळी यांच्या समोरची खुर्ची टाळतात. त्यामुळे ती नेहमी पुण्या-नाशकाहून नव्याने आलेल्याच्या वाट्याला येते, आणि शास्त्रीबुवांना तेच हवं असतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक अख्खा खण हाशींचा आहे. घरात चपला जपानातही काढतातच, नाहीतर या खणासमोर त्यांनी त्या नक्की काढल्या असत्या. त्यात फुकुई प्रांतातल्या ओबामा गावची वाकासा-नुरी हाशी आहे. शिंपल्यांचे आणि अंड्याच्या कवचाचे तुकडे लाखेत बसवायचे, वर लाखेचे थर द्यायचे आणि मग घासून घासून आतली नक्षी वर आणायची, अशी तिची तऱ्हा. जपानातल्या लाखेच्या हाशी बहुतेक याच गावात होतात. त्याशेजारी योशिनोच्या जंगलातल्या सुगी लाकडाची वारीबाशी, म्हणजे जुळ्यासारखी जोडलेली आणि जेवायच्या वेळी फोडायची जोडी. कोरियाची धातूची, चपटी. चीनची लांब आणि टोकाला बोथट. प्रत्येक जोडी कापडात गुंडाळलेली. वहिनींची सोन्याची पाटली कुठल्या डब्यात आहे हे शास्त्रीबुवांना सांगता येणार नाही.

नवा पाहुणा घरी आला, की चहाच्या आधी त्याला हात पुढे करायला लावतात. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, दोन टोकांमधलं अंतर मोजायचं आणि त्याची दीडपट करायची. तेवढी लांब हाशी तुमच्या हाताची, असा जपानी ठोकताळा आहे. जपानी घरात ज्याची त्याची हाशी वेगळी असते आणि भाताची वाटीही, त्यामुळे मापाला महत्त्व. नाशिकहून नुकत्याच आलेल्या एका मुलाचा हात त्यांनी असाच उलटसुलट करून न्याहाळला. तो बिचारा भारावून म्हणाला, "काका, लग्नाचं काय दिसतंय?"

"साडेतेवीस सेंटिमीटर," शास्त्रीबुवा म्हणाले.

त्यांची स्वतःची साधना खडतर होती, हे मान्य करायला हवं. एक काडी अंगठ्याच्या बेचक्यात बसवून अनामिकेवर टेकवायची. ती हलता कामा नये. दुसरी पेनासारखी धरायची आणि फक्त तीच वरखाली करायची. एवढंच तंत्र, पण बोटांना ते पटेपर्यंत पहिले काही महिने त्यांनी रोज संध्याकाळी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत कडधान्य वाहिलं. आधी राजमा, मग चवळी, मग मूग. शेवटची परीक्षा भिजवलेल्या साबुदाण्याची. वहिनी सांगतात, "त्या दिवशी चतुर्थी होती. खिचडी रात्री दहाला झाली."

"खालची काडी स्थिर," शास्त्रीबुवा शिकवताना म्हणतात, "हालचाल फक्त वरचीची. संसाराचंही तेच."

"आणि यांना वाटतं, वरची म्हणजे हे," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात.

काडी धरता येणं ही मात्र नुसती मुंज. खरं अध्ययन पुढे सुरू होतं. हाशीने करायच्या नाहीत अशा गोष्टींना जपानीत किराईबाशी म्हणतात, आणि त्यांतल्या प्रत्येक गुन्ह्याला स्वतंत्र नाव आहे. जपानी माणसाला त्यांतली मोजकी माहीत असतात. आई ओरडलेली तेवढी. शास्त्रीबुवांना सगळी पाठ आहेत, आणि वकिलाला कलमं पाठ असली की त्याला आरोपी लागतोच.

नव्या मुलांच्या स्वागताला मंडळी एकदा इझाकायात जमली होती. समोरच्या खुर्चीत अर्थातच नाशिककर. त्याने वारीबाशी कडकन फोडली आणि कुठल्याशा रीलमध्ये पाहिल्याप्रमाणे दोन्ही काड्या एकमेकींवर खसाखसा घासल्या.

"कोसुरीबाशी," शास्त्रीबुवा हळूच म्हणाले. "तुमचं लाकूड हलकं आहे, कुसळं निघतायत, असं मालकाच्या तोंडावर सांगितलंस तू."

मुलाने ओशाळून काड्या पुढे नेल्या. आधी वांग्यावर, मग तोफूवर, मग पुन्हा वांग्यावर. काय घ्यावं ते ठरेना.

"मायोईबाशी. ताटांवर घिरट्या घालू नयेत."

घाबरून त्याने तोफूला काडी लावली आणि तशीच मागे घेतली. ती सोराबाशी. मग लांबची बशी काडीने अलीकडे ओढली. ती योसेबाशी. वांगं उचललं तर त्यातून सॉस ठिबकला. ती नामिदाबाशी, म्हणजे काडीचे अश्रू. काडीला लागलेला सॉस त्याने चाटला, तर ती नेबुरीबाशी. शेवटी कंटाळून त्याने दोन्ही काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या, तर तीही वाताशीबाशी निघाली. काड्या टेकवायला हाशीओकी नावाचा चिमुकला ठोकळा समोर असताना वाटीचा पूल कशाला? मुलाच्या पोटात अजून काही गेलं नव्हतं. या काड्या एकदाच्या दूर व्हाव्यात म्हणून त्याने त्या समोरच्या भातात उभ्या खोचल्या आणि हात जोडले.

टेबल गप्प झालं. इथे शास्त्रीबुवांचा आवाज खाली येतो. जपानात माणूस गेला, की त्याच्या उशाशी भाताची वाटी ठेवतात आणि त्या भातात हाशी उभी खोचतात. आपल्याकडे पिंड, त्यांच्याकडे ही वाटी. जेवणाच्या टेबलावर तसं करणं म्हणजे समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी निरोप दिल्यात जमा. हे त्यांनी इतक्या गांभीर्याने सांगितलं, की नाशिककराने आधी भाताकडे आणि मग घाईघाईने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

वातावरण हलकं करायला शेजारच्या मुलीने भोपळ्याचा टेम्पुरा आपल्या हाशीत धरला आणि "घे रे," म्हणून त्याच्या हाशीपुढे केला. शास्त्रीबुवा खुर्चीतून अर्धे उठले. जपानात दहनानंतर नातलग दोघा-दोघांनी मिळून हाशीने अस्थी उचलतात आणि कलशात ठेवतात. आधी पायांच्या, मग वरच्या, म्हणजे गेलेला माणूस कलशात उलटा होत नाही. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत काही जायचं, ते फक्त त्या दिवशी. टेम्पुरा हवेतच थांबला. कोणी घेईना, तिला खाली ठेवता येईना, आणि तोंडात घालायचीही आता कोणाची हिंमत नव्हती.

त्या संध्याकाळी टेबलावर एकच व्यक्ती पोटभर जेवत होती. ती साताऱ्याहून आलेली शाकाहारी मुलगी. सुपात माशाचा अर्क, टेम्पुराच्या पिठात अंडं, सॉसमध्ये पुन्हा मासा, अशी एकेक वाट बंद होत होत तिच्यापुढे एदामामे उरलं होतं. मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. त्या हाताने खायच्या असतात. जपानी माणूसही त्या हातानेच खातो. ती शेंगा दाताने सोलत होती, सालं वाटीत टाकत होती आणि सगळ्यांचं ऐकत होती. शास्त्रीबुवांनी तिच्याकडे दोनदा पाहिलं. एकही कलम लागू होईना.

खरी पंचाईत पलीकडच्या टेबलावर होती. तिथे ऑफिस सुटलेले चार-पाच जपानी बाप्ये टाय सैल करून बसले होते. त्यांतला एक मुद्दा पटवताना काडीने मित्राच्या छातीकडे रोख धरत होता. दुसरा वेटरला हाक मारून काडीने ग्लास वाजवत होता. तिसऱ्यापुढे शिजवलेल्या अळकुड्या होत्या. बुळबुळीत अळकुडी हाशीत धरणं हा भल्याभल्यांचा कस. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग सरळ काडी भोसकली आणि अळकुडी तोंडात टाकली. साशीबाशी! शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले.

"जपानमध्ये जपानीपण राहिलं नाही," ते म्हणाले.

नाशिककराने ती संधी साधली आणि टेम्पुरा हाताने खाल्ला.

हे सगळं कुठून आलं, ते कळायला शास्त्रीबुवांचं बालपण बघावं लागतं. नारायण पेठेतल्या वाड्यात त्यांची आजी कडक सोवळ्याची. पानात मीठ वर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भाताची मूद. जागा चुकली की पान पुन्हा मांडायचं. उष्टा हात पळीला लावायचा नाही. डाव्या हाताने खायचं नाही, पंगत सोडून उठायचं नाही. या सगळ्याविरुद्ध शास्त्रीबुवांनी बंड केलं. कॉलेजात असताना कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या ऑम्लेट खाल्लं, मित्राच्या डब्यात हात घातला, आजीला सांगून घातला. 'माणूस जेवणासाठी नाही, जेवण माणसासाठी आहे' असं बाणेदार वाक्य त्यांनी तेव्हा आजीला ऐकवल्याचं घरातले अजून सांगतात.

असा हा बंडखोर पूर्वेकडे सहा-सात हजार किलोमीटर आला आणि काय बघतो? भाताची वाटी डावीकडे, मिसोची उजवीकडे, हाशी आडवी, टोकं डावीकडे. सगळ्यांच्या ताटलीतून घ्यायचं तर वाढायची वेगळी हाशी, तोरीबाशी. तोंडात गेलेली तिथे घालायची नाही. नुसतं उष्टं-खरकटं! आजीचं घर जसंच्या तसं, फक्त जमीन तातामीची. फरक एवढाच, की पुण्यात ते नातू होते. इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकापुढे आजी व्हायची जागा रिकामी होती, आणि शास्त्रीबुवा तिच्यावर जाऊन बसले. ज्याला लहानपणी पानावरून उठवलं गेलं, त्याला मोठेपणी कोणाला तरी उठवायचं असतंच.

एका बाबतीत तेवढी त्यांची मूळची माती वर येते. सोबा किंवा रामेन खाताना जपानात आवाज करणं अशिष्ट नाही. आजीच्या घरी कढीचा भुरका मारला की धपाटा मिळायचा. इथे शास्त्रीबुवा तत्त्व म्हणून भुरके मारतात. तो आवाज ऐकून शेजारच्या टेबलावरचे जपानी वळून बघतात.

त्यांची सगळ्यात मोठी ठेव म्हणजे एक वाक्य. जपानात परदेशी माणसाने हाशीने घास उचलला, की समोरचा जपानी हमखास म्हणतो, "ओहाशी ओजोझु देसु ने." हाशी छान वापरता हो तुम्ही. शास्त्रीबुवांना हे पहिल्यांदा एका जपानी साहेबांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी पुण्याला फोन केला होता. त्यानंतर शेजारणीने सांगितलं, मुलीच्या शाळेतल्या पालकांनी सांगितलं, टॅक्सीवाल्याने सांगितलं, तेही यांच्या हातात हाशी नसताना. हे प्रत्येकाचं प्रमाणपत्र ते मनात लावून ठेवत गेले. मग एकदा त्याच नाशिककराने एका जपानी सहकाऱ्यासमोर ग्योझा उचलायचा प्रयत्न केला. तो निसटून सॉसमध्ये बुडाला, पुन्हा निसटून टेबलावर पडला आणि तिसऱ्या खेपेला कसाबसा तोंडापर्यंत पोचला. सहकारी प्रसन्न हसून म्हणाला, "ओहाशी ओजोझु देसु ने!"

शास्त्रीबुवा त्या रात्री नीट जेवले नाहीत. तो सहकारी चेष्टा करत होता, असं त्यांनी शेवटी ठरवलं.

शास्त्राचा आणखी एक पराभव परदेशात झाला. कामासाठी ते सोलला गेले आणि सवयीने भाताची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाशी नेली. जपानात हे शिष्ट; तिथे वाटी टेबलावरच ठेवायची, आणि भात काड्यांनी नव्हे, चमच्याने खायचा. काड्या आडव्या नव्हेत, उभ्या, चमच्याशेजारी उजवीकडे. चीनमध्ये वाटी उचललेली चालली, पण यजमानांनी प्रेमाने आपल्या काड्यांनी यांच्या वाटीत एकामागून एक पदार्थ टाकले, आणि नको म्हणणंच तिथे अशिष्ट ठरलं. काड्या सगळीकडे दोनच, शास्त्रं मात्र तीन! परत आल्यावर या दोन देशांबद्दल ते फारसं बोलले नाहीत. "त्यांचं अजून विकसित व्हायचंय," एवढंच म्हणाले. काड्या जपानला चीनकडूनच मिळाल्या, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना ते माहीत होतं.

घरातही परिस्थिती बिकट आहे. मुलगी तोक्योत जन्मली, तोक्योच्याच शाळेत वाढली. तिच्या काड्या एकमेकींवर फुली मारतात. शास्त्राप्रमाणे हे साफ चुकीचं. शास्त्रीबुवांनी तिला वळण लावायची बरीच खटपट केली. "माझ्या वर्गातले निम्मे असेच धरतात," ती म्हणते आणि त्या फुलीत नाट्टोचा चिकट, तारा ओढणारा एकेक दाणा अचूक उचलते. यांचं व्याख्यान संपेपर्यंत तिची वाटी रिकामी झालेली असते.

गेल्या वर्षी शास्त्रीबुवांचे जुने जपानी साहेब चाकणच्या कारखान्याच्या कामाने पुण्यात आले. हेही तेव्हा सुट्टीवर होते. साहेबांना घरी जेवायला बोलावलं. पुढचं सगळं वहिनींनी सांगितलेलं.

साहेबांनी पानापुढे बसल्याबसल्या हातानेच जेवायची इच्छा व्यक्त केली आणि नम्रपणे विचारलं, "याचे नियम काय?" हा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्यांना कोण सांगणार? शास्त्रीबुवांनी सुरुवात केली. फक्त उजवा हात. बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंतच. तळव्याला लागू द्यायचं नाही. घास अंगठ्याने पुढे सारायचा. उष्टा हात वाढपाच्या भांड्याला नको. साहेब मान डोलवत ऐकत होते. त्यांनी खिशातली वहीदेखील काढली. वरणावरचं तूप थिजलं. शेवटी शास्त्रीबुवांच्या आई स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, जेवू दे की त्यांना! कसेही जेवा हो, तुमचंच घर आहे."

साहेबांनी भात कालवला. तो बोटांतून निसटला, तळव्यात उतरला, आमटीचा एक ओघळ मनगटावरून बाहीत शिरला. अर्धा घास मांडीवर पडला, अर्धा तोंडात गेला. त्यांनी शरमेने चूर होऊन वर पाहिलं. आईंनी मायेने मान हलवली आणि म्हणाल्या, "किती छान जेवता हो तुम्ही हाताने!"

दुभाष्या एकच होता. शास्त्रीबुवांनी घसा खाकरून भाषांतर केलं. साहेब क्षणभर थांबले आणि मग इतके खदखदून हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंना वाकून नमस्कार करून त्यांनी दुसरा भात मागून घेतला. त्या वाक्याची किंमत त्यांना नेमकी माहीत होती. आयुष्यभर त्यांनी ते परदेशी पाहुण्यांना वाटलं होतं.

पाहुणे गेल्यावर शास्त्रीबुवांनी आईंना विचारलं, "तुला खरंच वाटलं, ते छान जेवले?"

"अरे, परक्या देशातला माणूस आपल्या पानावर बसून आपल्यासारखं जेवायला बघतो," आई म्हणाल्या, "त्याला दुसरं काय म्हणायचं?"

हे ऐकून आम्ही वहिनींना मोठ्या आशेने विचारलं, "मग आल्यापासून काही फरक पडलाय का?"

"पडलाय ना," वहिनी म्हणाल्या. "आता हाताने जेवणाऱ्यांचीही पेरं मोजतात."